हमीदाबाईंची दोस्त राष्ट्रं

हमीदाबाई परकार गेल्या, हे त्यांच्या मुलाने, नदीमने, मला टोरांटोजवळच्या ओकव्हिलहून फोन करून सांगितलं. तो इंग्रजीत बोलत होता आणि फार सावकाश बोलत होता, डॉक्टर आहे तो, आणि जणू मी पेशंटची नातेवाईक. दफन आदल्या दिवशीच झालं होतं. “शी डिडन्ट सफर,” तो शेवटी म्हणाला. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मनात आलं, बाईंनी हे ऐकलं असतं तर चष्म्यावरून बघत विचारलं असतं, “तुला कोणी सांगितलं?”

कोणतंही विधान त्या तसं सोडत नसत. इतिहास शिकवणारी बाई. डार्टमथच्या एका हायस्कुलात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. डार्टमथ म्हणजे कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या समोरचा, बंदराच्या पलीकडचा काठ. मधे पाणी आणि पाण्यावर फेरी, म्हणजे माणसांची ने-आण करणारी बोट. मी सांगलीहून या गावात आले, इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले, आणि भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये सामान लावत असताना एका संध्याकाळी लिफ्टच्या दाराशी माझी ग्रोसरीची पिशवी फाटली. “मेली ही पिशवी!” असं मी स्वतःशीच पुटपुटले. मागून आवाज आला, “पिशवीला कशाला शिव्या देतेस गो? दार धर आधी.”

वळून पाहिलं तर लांब काळा कोट घातलेली, ठेंगणी, सत्तरी ओलांडलेली बाई वाकून माझे बटाटे गोळा करत होती.

त्या रत्नागिरीकडच्या, जयगडच्या खाडीकाठच्या. मराठी शाळेत शिकलेल्या. घरात कोकणी मुसलमानांची बोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि दोन्हींची सरमिसळ त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत राहिली. त्यांना काय म्हणावं, आपा की खाला, असं मी चाचरत विचारलं तेव्हा म्हणाल्या, “जन्मभर मास्तरकी केली. बाई म्हण. सरळ आहे.”

बाईंचा फ्लॅट वरच्या मजल्यावर होता आणि त्यातली एकच खिडकी खरी वापरातली होती, बंदराकडची. तिथे एक खुर्ची, एक दुर्बीण, आणि सतत कुजबुजणारा रेडिओ, ज्यावर समुद्रावरचं हवामान सांगतात. लाटांची उंची, वाऱ्याची दिशा, बर्फ धरण्याची शक्यता. या बाईला बोट नव्हती, पोहता येत नव्हतं, मासेसुद्धा त्या सुपरमार्केटमधून फ्रोझन आणत. तरी ते हवामान त्या रोज ऐकत.

दुसरी सवय जरा पंचाईत करणारी होती. नवा माणूस भेटला की त्याचा देश विचारायचा, आणि देश कळला की त्याला सांगायचं, दुसऱ्या महायुद्धात तुमच्या लोकांनी काय केलं. सिंक दुरुस्त करायला फिलिपिन्सचा प्लंबर आला, तर तो पाइपाखाली आडवा पडलेला असताना त्याला त्याच्या देशातल्या डोंगरात लपून लढलेल्यांची हकिगत ऐकावी लागली. कॉफी शॉपमधल्या नेपाळी विद्यार्थ्याला ऑर्डर देता देता विचारलं, “गुरख्यांपैकी तुझ्या घरचं कोण गेलं होतं इटलीत? विचारून ये.” मी ओशाळून दुसरीकडे बघायची. पण एकदा घानाची एक मुलगी होम केअरसाठी येऊ लागली. तिला बाईंनी सांगितलं की पश्चिम आफ्रिकेची पोरं ब्रह्मदेशच्या जंगलात लढायला नेली होती. ती हसली, तिला खोटं वाटलं. पुढच्या आठवड्यात आली ती सरळ बाईंच्या खोलीत. तिने घरी आजीला फोन केला होता. आजीचा थोरला भाऊ तसा गेला होता आणि परत आला नव्हता, आणि घरात कोणी ते नाव काढत नव्हतं. ती मुलगी बाईंच्या पलंगाच्या कडेवर बसून रडली. बाईंनी तिला रडू दिलं, चहा करून आणला.

युद्धावरचे सिनेमे मात्र त्या बघत नसत. “सिनेमात सगळे एकाच देशाचे असतात,” म्हणायच्या. आणि नेहमीचं एक वाक्य होतं, “लढले कोण ते सगळे सांगतात. सामान कोणी पोचवलं, ते विचार.”

सामान पोचवणाऱ्यांत त्यांचे वडील होते.

हे मला कळायला वर्ष गेलं. बाईंनी ते कधी गोष्टीसारखं सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, भाजी निवडताना, फेरीची वाट पाहताना. वडील खलाशी होते. त्या खाडीकाठच्या घराघरातून माणसं बोटीवर जात. गावचाच एक सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, मुंबईला नेऊन इंग्रजांच्या मालवाहू बोटींवर पोरं चढवायचा. युद्ध सुरू झालं तेव्हा वडील बोटीवरच होते. हॅलिफॅक्सच्या आतल्या खाडीत तेव्हा बोटी जमायच्या. गहू, लाकूड, तेल, दारूगोळा भरून एकमेकींच्या मागे रांगा धरून अटलांटिक ओलांडून इंग्लंडला जायच्या. काफिलाच. भोवती कॅनडाच्या छोट्या लढाऊ बोटींचा पहारा. मालाच्या बोटी नॉर्वेच्या, ग्रीसच्या, हॉलंडच्या, इंग्लंडच्या, आणि इंग्लंडच्या बोटींवर राबणारे हात कोकणातले, गोव्यातले, सिल्हेटच्या बंगाल्यांचे. अशाच एका काफिल्यातली एक बोट हिवाळ्यात मधल्या समुद्रात बुडाली. बाईंचा जन्म त्यानंतरचा.

गावात बातमी आणली ती दुसऱ्या बोटीवरून परतलेल्या एका चुलत्याने. त्याला त्या बंदराचं नाव नीट येत नव्हतं. “हलीफॅक” म्हणाला. बाईंच्या आईने तेवढा एक शब्द धरून ठेवला. पोर हट्टाला पेटली की म्हणायची, “जा मग हलीफॅकला.”

पुढे बाईंचं लग्न एका डॉक्टरशी झालं आणि एकोणीसशे सत्तरच्या आसपास दोघं कॅनडात आली. डॉक्टरांना दोन ठिकाणी नोकरी मिळत होती, टोरांटोला आणि इथे. सगळे मित्र टोरांटोला. बाई म्हणाल्या, हॅलिफॅक्स. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही, आणि बाईंनी सांगितलं नाही. “चांगला माणूस होता,” बाई म्हणायच्या. “पण विचारायचा नाय.”

त्या पहिल्या हिवाळ्यातला प्रसंग त्यांनी मला हात दाखवून सांगितला. डाव्या तळव्यावर एक गुळगुळीत, फिकट चट्टा होता. एका सकाळी डॉक्टर फावड्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते, आणि बाई हातमोजा काढून बाहेरच्या लोखंडी कठड्याला घट्ट धरून उभ्या राहिल्या. वडिलांचं काम काय होतं ते त्यांना त्या चुलत्याकडून कळलं होतं. अशा थंडीत लाटांचं पाणी डेकवर उडतं आणि तिथंच गोठतं, बर्फाच्या वजनाने बोट कलंडायला होते, म्हणून खलाशांनी दोरांवरचा, कठड्यांवरचा बर्फ हातोड्यांनी फोडत राहायचं. आंबे उतरवणाऱ्या गावातली माणसं ती. बाईंना बघायचं होतं, किती वेळ धरवतं. डॉक्टर ओरडत धावत आले तेव्हा कातडी लोखंडाला चिकटली होती.

“धरवत नाय गो,” मला म्हणाल्या. “अजिबात धरवत नाय.”

शाळेत लागल्यावर दरवर्षी महायुद्धाचा धडा आला की त्या पुस्तक मिटून ठेवत. पुस्तकात कॅनडा, ब्रिटन, अमेरिका, रशिया होते, बाकीच्यांना एकच ओळ. बाई वर्गात प्रत्येकाला एक देश वाटून देत. तू नॉर्वे, तुझा राजा पळालाय पण तुझ्या बोटी चालू आहेत. तू पोलंड, तुला देशच उरला नाही तरी तुझे वैमानिक दुसऱ्याच्या आकाशात लढतायत. तू न्यूझीलंड, तू ब्राझील. तू न्यूफाउंडलंड, तू अजून कॅनडात आलेलाच नाहीस. मग पोरांनी उभं राहून सांगायचं, मी काय दिलं आणि माझं काय गेलं. दुसरा प्रश्न त्यांना जास्त महत्त्वाचा वाटे. हिंदुस्तान ज्याच्या वाट्याला येई त्याने माणसं, कापड, धान्य सांगून झालं की बाई त्याला बसू देत नसत. “आणि त्याच काळात बंगालमध्ये लोक उपाशी मेले, तेही सांग. तेही गेलं.”

या धड्याला त्या एका म्हाताऱ्या नौसैनिकाला बोलावत. त्याचं नाव वॉल्टर. लुनेनबर्गच्या बाजूचा, कोळ्याचा मुलगा, युद्धात एका पहाऱ्याच्या बोटीवर होता. उंच, लाजाळू. पोरांना बोटीचे भोंगे, ओल्या झोपायच्या झोळ्या, कोको असलं हलकंफुलकं सांगून जायचा. दोन-तीन वर्षं तो असा येत राहिला. एका वर्षी तास संपल्यावर तो स्टाफरूममध्ये बाईंसमोर बसला आणि म्हणाला, “मिसेस परकार, तुम्ही भारताच्या. एक विचारू? एका शब्दाचा अर्थ हवा होता.”

मग त्याने सांगितलं. काफिल्यातली एक बोट पहाटे पहाटे पाणतीराने फुटली. उजाडत होतं. पाण्यात माणसं दिसत होती, जॅकेटवरचे लाल दिवे लुकलुकत होते. वॉल्टरची बोट त्यांच्या अगदी जवळून गेली, पण थांबली नाही. हुकूमच होता, थांबायचं नाही. थांबलेली बोट म्हणजे पाणबुडीला आयतं सावज, आणि पुढे साऱ्या काफिल्याची राखण. पाण्यातली माणसं आधी हात हलवत होती. बोट थांबत नाही हे कळल्यावर ओरडायला लागली. इंग्रज नव्हती ती. सावळी होती. एकजण अगदी कठड्याखाली होता, वॉल्टरला त्याचा चेहरा दिसला. तो एकच काहीतरी परत परत म्हणत होता.

“काय म्हणत होता?” बाईंनी विचारलं.

वॉल्टरने इतकी वर्षं जपून ठेवलेला तो आवाज काढला. कॅनेडियन तोंडातून तो वेडावाकडाच निघाला, पण बाईंना कळायला वेळ लागला नाही. “आये गो.”

मी विचारलं, “तुम्ही काय सांगितलंत?”

“खरं ते सांगितलं. म्हटलं, याचा अर्थ आई.”

वॉल्टर उठला. टोपी उचलली आणि गेला. बाई पुढच्या तासाला वर्गात गेल्या, फळ्यावर तारीख घातली आणि त्यापुढे काय लिहायचं ते त्यांना आठवेना. मुलांना वाचत बसा म्हणाल्या.

ती बोट त्यांच्या वडिलांचीच होती असं त्या कधीही म्हणाल्या नाहीत. मी एकदा तसं सुचवलं, तर रागावल्या. “पुरावा काय? अशा कितीतरी बोटी बुडाल्या, त्यांच्यावर कितीतरी कोकणी. आपल्याला पाहिजे म्हणून इतिहास होत नाय.” पण दोन वर्षं त्यांनी वॉल्टरला वर्गात बोलावलं नाही. रस्त्यात दिसला तर त्या पलीकडच्या फुटपाथवर जात. मग अकरा नोव्हेंबरला, युद्धात मेलेल्यांच्या दिवशी, बाई नेहमीप्रमाणे गर्दी टाळून फेरीने पाणी ओलांडत होत्या, तर वॉल्टर त्याच फेरीत, छातीवर पदकं लावून, एकटाच बसलेला. बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. फेरी या काठाला लागली, दोघं उतरले नाहीत. परत त्या काठाला गेली, तरीही नाही. त्यानंतर तो दिवस दोघं दरवर्षी फेरीतच काढू लागले.

“काय बोलायचात तुम्ही?”

“हवामान,” बाई म्हणाल्या. मग, “मी त्याला माफ केलं असं लिहू-बिहू नकोस कुठे. माफ करणारी मी कोण? तो थांबला असता तर आणखी बोटी गेल्या असत्या. हे मला डोक्याने कळतं. पण तो माणूस पाण्यात होता तेही खरं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही घेऊन बसायला मला दुसरं कोणी नव्हतं.”

मी वॉल्टरला पाहिलं ते अगदी शेवटी, वृद्ध सैनिकांच्या वॉर्डात. माझंच हॉस्पिटल, म्हणून बाईंना मी गाडीने घेऊन जायची. त्याची स्मृती गेली होती. बायकोचं नाव गेलं, गावाचं गेलं. तो नर्सना आणि पोरवयाच्या डॉक्टरांना हाक मारायचा, “आये गो, आये गो.” त्यांना वाटे म्हातारा बडबडतो. बाई खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसत, त्याचा हात हातात घेत आणि आपल्या बोलीत त्याच्याशी बोलत, लहान मुलाशी बोलावं तसं. एकदा दारात उभी राहून मी ते ऐकलं आणि कॉरिडॉरमध्ये निघून गेले. तो गेला तेव्हा अंत्यविधीला मोजकीच माणसं होती. बाई सर्वांत मागे उभ्या राहिल्या.

वॉल्टर गेल्यावर त्यांनी एक हट्ट धरला. अकरा नोव्हेंबरच्या शहरातल्या समारंभात एकदा तरी हिंदुस्तानी खलाशांचा मोठ्याने उल्लेख व्हावा. त्यासाठी त्यांनी समारंभ भरवणाऱ्या समितीचा पिच्छा पुरवला, आणि पाठिंबा मागायला आमच्या मराठी मंडळात आल्या. संक्रांतीचा कार्यक्रम होता, तीळगूळ वाटून झाला होता. बाई बोलल्यावर प्रधान उठले. प्रधान म्हणजे इथे सुरुवातीला आलेल्यांपैकी, विद्यापीठातून निवृत्त झालेले, शब्द तोलून बोलणारे.

“हमीदाबाई, मला तुमच्याबद्दल आदर आहे,” ते म्हणाले. “पण याला योगदान म्हणायचं का? युद्ध ब्रिटनचं. आपल्याला न विचारता आपल्याला त्यात ओढलं. माझे वडील बेचाळीसला तुरुंगात गेले ते याच कारणासाठी. आणि हे लोक पोटासाठी गेले. आपण इथे इंग्रजांची चाकरी मिरवायची का?”

मला वाटलं बाई आता त्यांना वर्गात उभं करतील. पण त्यांनी विचारलं, “तुमचे वडील सुटून घरी आले ना?”

“आले.”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “पोटासाठीच गेले माझे वडील. ते बोटीवर झेंडा बघून चढले नाहीत. पण बोट बुडाली ती युद्धात. मिरवू नका, प्रधान. नुसतं म्हणा की होते.”

मंडळाने ठराव केला नाही. पण समितीकडून होकार आला. त्या वर्षी सगळ्या दोस्त राष्ट्रांची नावं एकेक करून पुकारायची आणि त्या त्या देशाच्या माणसाने पुष्पचक्र ठेवायचं, असं ठरलं. अविभक्त हिंदुस्तानच्या खलाशांसाठी, श्रीमती हमीदा परकार. बाईंनी मला फोन करून ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं.

त्या दिवशी बर्फमिश्रित पाऊस होता, आडवा, तोंडावर मारणारा. बाई पुष्पचक्र छातीशी धरून रांगेत उभ्या होत्या. मी त्यांच्यावर छत्री धरायचा प्रयत्न करत होते, पण वारा ती उलटी करत होता. मागे वळले तर प्रधान. जाड कोट, कानटोपी. त्यांनी माझ्या हातातून छत्री घेतली आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, आडोशासारखे.

ब्रिटन झालं, अमेरिका झाली, फ्रान्स, नॉर्वे, पोलंड, हॉलंड. प्रत्येक नावाला एकजण पुढे जाऊन, वाकून, मागे येत होता. पाऊस वाढला. बँडवाल्या पोरांची बोटं चालेनाशी झाली. व्यासपीठावर काही कुजबूज झाली, आणि मग माइकवरून आवाज आला, “...आणि राष्ट्रकुलातील व इतर सर्व मित्रदेश.” बिगूल वाजला. कार्यक्रम संपला.

बाई तशाच उभ्या. त्यांच्या पुढे दोघं आणि मागे एकजण होता, तेही पुष्पचक्रं घेऊन गोंधळून बघत होते. लोक पांगायला लागले. एक तरुण नौदल अधिकारी धावत आला, खरोखर वरमलेला. हवामानामुळे वेळ कमी करावा लागला, म्हणाला, पण मॅम, तुम्ही आत्ता ठेवा ना, प्लीज, मी तुमच्यासोबत येतो.

“नो, डियर,” बाई त्याला मृदूपणे म्हणाल्या. मग मराठीत, आमच्याकडे न बघता, “नाव न घेता ठेवायचं तर मी आजवर ठेवलं नसतं का?”

फेरीच्या धक्क्यावर मी विचारलं, पाण्यात सोडायचं का? “प्लॅस्टिकची फुलं आहेत,” त्या म्हणाल्या. “पाण्याने काय पाप केलंय?” प्रधान म्हणाले, माझी गाडी आहे, कुठे जायचं ते सांगा. बाईंनी डार्टमथच्या दफनभूमीचं नाव सांगितलं.

वॉल्टरच्या थडग्यापाशी चिखल झाला होता. बाईंनी ते पुष्पचक्र दगडाला टेकवून ठेवलं. त्यावरच्या फितीवर हिंदुस्तानच्या खलाशांसाठी असं छापलेलं होतं, आणि खाली दगडावर कॅनडाच्या नौदलाचं चिन्ह कोरलेलं. मग बाई इंग्रजीत त्याला म्हणाल्या, “दे हॅड नो टाइम टू स्टॉप, वॉल्टर.”

मग प्रधानांनी आम्हाला घरी सोडलं. प्रधानांनी बाईंना हात धरून पायऱ्या चढवल्या.

त्यानंतर बाई त्या विषयावर बोलेनाशा झाल्या. समितीची माफीची मेल आली, पुढच्या वर्षी नक्की, असं. उत्तर दिलं नाही. नव्या माणसाला देश विचारायचीही सवय गेली. रेडिओ बंद असायचा. पुढच्या हिवाळ्यात वॉशरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं. मी त्यांना चालायला शिकवत होते, त्या शिकत होत्या, पण आज्ञाधारक मुलासारख्या, मन नसलेल्या. नदीम ओकव्हिलहून आला. तिथे त्याचं मोठं घर, तळमजल्यावर आईसाठी खोली. बाई लगेच हो म्हणाल्या, याचंच मला भय वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी फ्लॅट जवळजवळ रिकामा झाला होता. बाई एका घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. अचानक म्हणाल्या, “नदीम, माझ्या बापाचा जनाजा झालेला नाय.”

नदीम माझ्याकडे बघायला लागला. मग बाईंनी सांगितलं. बातमी आली तेव्हा गावातल्या जाणत्यांनी ठरवलं होतं की मय्यत नसली तरी गायबाना नमाज पढू, आपल्यात ते चालतं. बाईंच्या आईने दाराला आतून कडी घातली. मय्यत दाखवा, मग नमाज पढा, म्हणाली. ती इद्दतही, विधवेने पाळायचे शोकाचे दिवसही, बसली नाही. मरेपर्यंत ती ना सधवा राहिली, ना विधवा. तिच्या हयातीत नमाज पढणं म्हणजे तिला खोटं पाडणं झालं असतं. ती गेल्यावर, बाई म्हणाल्या, मी रोज पुढे ढकललं. “आता तू पढ.”

“मॉम, आय डोन्ट नो हाउ,” नदीम म्हणाला. पन्नाशीचा हृदयरोगतज्ज्ञ, कानशिलं पांढरी झालेला.

“मी सांगते.”

सामान खाली न्यायला आलेल्या दोघांपैकी एकजण सिल्हेटचा होता. त्याने ऐकलं, बूट काढले, वॉशरूममध्ये जाऊन हातपाय धुऊन आला. फोनवर मक्केची दिशा पाहिली. इथून किब्ला ईशान्येकडे, अटलांटिकवरून जातो. नदीम पुढे उभा राहिला, सिल्हेटचा माणूस त्याच्या मागे, आणि बाई त्याच्याही मागे, खुर्चीत. मी स्वयंपाकघराच्या दारात. या नमाजात वाकायचं नसतं, डोकं टेकायचं नसतं, सगळं उभ्यानेच. चार वेळा अल्लाहू अकबर. नदीम अडखळला की मागून बाई हळूच शब्द पुरवत. मग उजवीकडे सलाम, डावीकडे सलाम, आणि संपलं. शेगडीवर ठेवलेला माझा चहा अजून उकळलाही नव्हता.

बाई इकडेतिकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “एवढंच असतं होय गो?”

सिल्हेटच्या माणसाने डोळे पुसले, बूट घातले आणि एक खोकं उचललं.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी आणि प्रधान पोचवायला गेलो. बाई व्हीलचेअरवर. त्यांनी प्रधानांना नमस्कार केला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि हवेत गारवा आहे, गाडी सावकाश चालव, म्हणाल्या. सुरक्षा तपासणीच्या काचेपलीकडे त्यांना पाठमोरं नेलं जात होतं. मधेच डोक्यावरची ओढणी घसरून खांद्यावर आली. त्यांना ते कळलं नाही, किंवा कळलं असेल आणि हात उचलला नसेल. विरळ पांढरे केस, मानेची हाडं उघडी पडली. नदीम फोनवर बोलत बाजूने चालला होता. तो थांबला, फोन खिशात टाकला, आणि दोन्ही हातांनी ती ओढणी उचलून आईच्या डोक्यावर परत घातली. नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली. मग तो तिथेच, तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मागची माणसं त्यांना वळसा घालून पुढे जात होती.

आमच्या मागे कोणीतरी सामानाची रिकामी गाडी हलवा म्हणून सांगत होतं. प्रधान म्हणाले, “मेधा, थांब थोडं.”

आम्ही थांबलो. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.